पोकळ हात

आमच्याकडे माणूस निरोगी आहे की नाही हे कानाने ऐकतात.

खोटं वाटेल, पण खरंच. रोगाच्या बंदरावरून आलेलं जहाज आधी आमच्या बेटासमोर थांबतं. डोलकाठीवर पिवळं निशाण चढतं. आम्ही होडी घेऊन त्याच्या बाजूला जातो, पण वर चढत नाही. डॉक्टरसाहेब होडीतच उभे राहतात, नाकाशी व्हिनेगरचा बोळा धरून, आणि खालूनच ओरडतात, "एकेक करून कठड्यापाशी या!" मग वरचा एकेक माणूस पुढे येतो, जीभ दाखवतो, हात वर करतो आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्याच काखेत सणसणीत चापट मारतो. आधी उजवी काख, मग डावी, मग दोन्ही जांघा. गाठीचा रोग पहिल्यांदा तिथेच उठतो. गाठ असलेला माणूस तिथे जोरात मारूच शकत नाही. मारलीच तर जागच्या जागी खाली बसतो.

म्हणून आवाज ऐकायचा. फट् असा आला की पुढचा.

मी या बेटावर पहारेकरी आहे. माझ्या आधी माझे बाबा होते. घर समोरच्या किनाऱ्यावर. बाकीची पोरं चोर-पोलीस खेळायची तेव्हा मी आणि ताई डॉक्टर-खलाशी खेळायचो. मी मोरीच्या कट्ट्यावर चढून डॉक्टर व्हायचो, ताई खाली उभी राहून काखेत चापट मारायची. ताई माझ्यापेक्षा मोठी आणि माझ्यापेक्षा आळशी. जोरात मारलं की लागतं, म्हणून तिने एक शोध लावला. तळवा वाटीसारखा पोकळ करायचा आणि मारायचं. आवाज डबल, मार शून्य. आम्ही त्याला पोकळ हात म्हणायचो.

बाबांनी एकदा बघितलं. ते कधी रागवायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी ताईचा हात धरला, एकेक बोट उलगडून तळवा सपाट केला आणि म्हणाले, "हे घराबाहेर गेलं ना, तर माझ्या नोकरीत काही अर्थ राहणार नाही. आणि या किनाऱ्यावर माणूस राहणार नाही."

आम्ही दोघं टरकलो. कुणाला सांगितलं नाही. म्हणजे मी तरी नाही.

पोकळ हाताचा आवाज फट् येत नाही. टॉप् येतो. डॉक्टरांना फरक कळत नाही, जमादारांना कळत नाही. मला झोपेतही कळेल.

त्या सकाळी दाजींचं जहाज आलं.

दाजी म्हणजे ताईचा नवरा. जहाजावर शिडं शिवतात. हातात जाड सुई, तळहाताला चामड्याचा पट्टा. लग्न झाल्यापासून घरी कमी आणि पाण्यावर जास्त. ताईचे दिवस भरत आले होते आणि ती रोज विचारत होती, आलं का जहाज, आलं का. आलं एकदाचं, पण पिवळं निशाण लावून. वाटेत जिथे थांबलं होतं त्या बंदरात रोग निघाला होता.

दाजी कठड्यापाशी आले. वाळले होते. मला बघून हसले नाहीत. मला वाटलं, कामावर आहे म्हणून असेल.

जीभ. ठीक.

उजवी काख. फट्.

डावी काख. टॉप्.

"वा," डॉक्टर म्हणाले, "याला म्हणतात चापट. पुढचा."

पुढचा जहाजावरचा आचारी होता. ढेरपोट्या, बडबड्या. "साहेब," तो वरून ओरडला, "जांघेत जरा बेताने मारतो हं, माझं लग्न व्हायचंय अजून." सगळं जहाज हसलं. डॉक्टरही हसले. होडीत माझ्या शेजारी बसलेले जमादार तर एवढे हसले की होडी हलली.

मी हसलो नाही. दाजीही हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी बघितल्यावर त्यांनी मान वळवली.

"काय पैलवान," जमादार म्हणाले, "भूत बघितलंस?" मी अंगाने काडीसारखा आहे म्हणून ते मला पैलवान म्हणतात.

"ऊन लागलं," मी म्हणालो.

ढग होते.

आता आमचे नियम सांगतो, म्हणजे माझी गोची कळेल.

बेटावर दोन बराकी. वरच्या बराकीत धडधाकट माणसं मुदत काढतात. मुदत संपेपर्यंत कुणी आजारी पडलं नाही तर सगळे सुटतात. खालच्या बराकीत आजारी. मागच्या जहाजाचे लोक तिथे होते. तिथून माणसं बाहेर येतात, पण चालत फार कमी येतात. आणि एखाद्याचा नुसता संशय आला तरी त्याला तिथेच टाकतात, कारण तिसरी बराक नाही. म्हणजे ज्याला रोग नाही तो तिथे जाऊन रोगी होणार. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

दुसरा नियम, स्पर्श. वरच्या बराकीभोवती दोन कठडे आहेत, मध्ये माझ्या काठीएवढी मोकळी जागा. आत अन्न जातं, कपडे जातात, निरोप जातात. बाहेर काही येत नाही. पहारेकऱ्याचं बोट जरी आतल्या माणसाला लागलं तरी तो आतला झाला. त्याची मुदत त्या दिवसापासून सुरू. म्हणून कुणीच हात लावत नाही. डॉक्टरही नाही. ते एकटेच आहेत बेटावर, ते आत अडकले तर पुढचं जहाज कोण बघणार?

म्हणजे दाजींच्या डाव्या काखेत काहीतरी होतं. काय होतं ते हात लावल्याशिवाय कळणार नव्हतं. हात लावायचा नव्हता. मी बोललो तर दाजी खालच्या बराकीत. नाही बोललो तर मुदत संपल्यावर दाजी सरळ घरी, ताईच्या शेजारी.



मी नजर ठेवायला लागलो. म्हणजे ते माझं कामच आहे, पण मी बाकी सगळे सोडून एकाच माणसावर ठेवली. दाजी बादली उजव्या हाताने उचलायचे. सदरा घालताना आधी डावी बाही चढवायचे, हात खालीच ठेवून, चोरासारखे. बाकीचे विहिरीवर उघड्याने आंघोळ करायचे, हे सदऱ्यासकट पाणी ओतून घ्यायचे. शिडाची शिलाई सुरू होती आतमध्ये, पण सुई चार टाके घालायची आणि थांबायची.

"दाजी," मी बाहेरच्या कठड्यावरून हाक मारली, "दोरा आणलाय. झेला!"

रीळ मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला फेकलं. अगदी सोपं. लहान मूलही झेललं असतं. त्यांनी अंग वळवून उजवा हात नेला, रीळ निसटलं, घरंगळत आचाऱ्याच्या पायाशी गेलं.

"नेम चुकला तुझा, मेव्हण्या," दाजी म्हणाले.

"खांदा धरलाय का?"

"थोडा."

"डावा?"

"तुला बरं रे दिसतं सगळं." हसत म्हणाले. डोळे हसले नाहीत.

आचाऱ्याने रीळ उचलून दिलं आणि नंतर दाजी आत गेल्यावर कठड्यापाशी आला. "पहारेकरीसाहेब, एक सांगू? तुमचे दाजी झोपेत कण्हतात. मी शेजारी झोपतो ना. आम्ही सगळे त्यांच्यापासून लांब सरकून झोपायला लागलोय. मी काही म्हणत नाही हं. माझं तोंड शिवलेलं आहे." आणि त्या शिवलेल्या तोंडाने तो पुढचा तासभर बोलत राहिला. माझ्या डोक्यात एकच: कण्हतात.

मनात शंकेची पाल चुकचुकली असं म्हणतात ना. माझ्या मनात तिने संसार थाटला.

मला ताप दिसायला लागला. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं की ताप. सावलीत बसले की थंडी वाजतेय. पाणी जास्त प्यायले की घसा सुकलाय. मी जमादारांना उगाच विचारलं, रोग किती दिवसांत कळतो? ते म्हणाले, "त्याच्या मर्जीवर आहे बाबा. कुणी लगेच आडवा होतो. एक होता, मुदत संपायच्या आदल्या दिवशी गाणं म्हणत होता, दुसऱ्या दिवशी गेला." मग माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत म्हणाले, "का रे? तुला काय झालंय? अंगाला हात लावू देत नाहीस ते?"

"मला कुठे काय."

"नाही, आजकाल तू सारखा आपल्या काखेत हात घालून उभा असतोस."

खरं होतं. मला कळलंच नव्हतं.

सुट्टीला घरी गेलो. ताई दारातच खुर्ची टाकून बसली होती, पाय सुजलेले, हातात माझाच फाटका सदरा, बटण लावत.

"कसे आहेत?"

"मजेत."

"खातात का?"

"खातात की. आचारी जहाजाचाच आहे."

"मग तू माझ्याकडे न बघता का बोलतोयस?"

मी पाणी प्यायला आत गेलो. ती बाहेरूनच, आत ऐकू येईल अशी म्हणाली, "माठ बघून झाला असेल तर बाहेर ये."

आलो. बसलो. म्हटलं, "ताई, पोकळ हात तू कुणाला शिकवलायस?"

तिची सुई थांबली. "का?"

"असंच आठवलं."

"असंच काही नसतं. का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. ताईशी खोटं बोलणं म्हणजे गाळणीत पाणी धरण्यासारखं आहे.

"लग्न नवीन होतं," ती हळू म्हणाली. "हसत-खेळत दाखवला एकदा. लहानपणी आम्ही असं करायचो म्हणून. बाबांचा शब्द मोडतेय असं मनातही आलं नाही रे." मग एकदम, "कुठली काख?"

"डावी."

"हात लावून बघितलंस?"

"कसा लावणार? लावला की मी आत."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं की ते खालच्या बराकीत."

"आणि नाही सांगितलंस तर ते इथे." तिने सदरा बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पोटावर ठेवले, कुणीतरी ओढून नेणार असल्यासारखे. मग म्हणाली, "हे बघ. माझी समजूत काढू नकोस. बरे असतील, काही नसेल, देवावर सोड, यातलं काही नको. मला माहीत पाहिजे. बाकी मी बघेन."

"कसं माहीत करून घेऊ?"

"ते तू बघ. पहारेकरी तू आहेस."

बेटावर परत आलो तो सरळ कठड्यापाशी. दाजींना बोलावलं. मुदत संपत आली होती, आत सगळे सामान बांधायला लागले होते. आचारी आणि अजून दोघं-तिघं जवळच घोटाळत होते, कान टवकारून. जमादारही माझ्या मागे पाच पावलांवर विडी ओढत होते.

मी आवाज खाली आणून म्हणालो, "दाजी, खरं सांगा. जहाजावरून काय आणलंय?"

त्यांनी एकदा आचाऱ्याकडे बघितलं, एकदा जमादारांकडे. मग ओठ न हलवता म्हणाले, "मांजर आहे रे. बाकी काही नाही."

"काय?"

"मांजर. साधं मांजर. तुझ्या ताईला माहिती आहे, मागेही आणलं होतं. उगाच बोभाटा करू नकोस."

खरं सांगतो, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मांजर! सदऱ्याखाली मांजराचं पिल्लू धरून उभे होते म्हणून पोकळ हात! केसाळ जनावर आणायला बंदी आहे, केसांतून रोग येतो म्हणतात, जहाजावरची मांजरं तर दिसली की मारतात. म्हणून लपवलं. म्हणून सदऱ्यासकट आंघोळ. कण्हत होतं ते पिल्लू! मला सगळं पटलं. मी अगदी खुळ्यासारखा हसलो.

दाजीही जरा सैल झाले. मला वाटलं, मला कळलं म्हणून.

पण जमादारांनी 'मांजर' हा शब्द ऐकला होता.

पुढे दिवसभर बेटावर जो तमाशा झाला त्याला तोड नाही. बराकीतल्या सगळ्यांना अंगणात काढलं. गाठोडी सोडायला लावली. जमादार बाहेरच्या कठड्यावरून काठीने दाखवत होते, ते उचला, ते झटका, तो डबा उघडा. आचाऱ्याने स्वतःहून पुढाकार घेऊन माशांची डोकी बशीत मांडली आणि म्याव म्याव करत कोपरे हुडकायला लागला. "माझ्याच पंक्तीला एवढे दिवस मांजर होतं आणि मला पत्ता नाही? तरीच म्हटलं शिल्लक का राहत नाही." एकाने कौलं तपासली. एकाने विहिरीत डोकावून बघितलं. मांजर असतं तर या गोंधळाने मेलं असतं.

दाजी भिंतीला टेकून उभे होते. डावा हात अंगाशी. तोंड पांढरंफटक.

मांजर सापडलं नाही.

जमादार घाम पुसत माझ्यापाशी आले. "काय रे, तुझे दाजी चेष्टा करतात का आमची? इथे लपवायला जागा कुठे आहे? एवढं मोठं मांजर काय काखेत घालून फिरतात का ते?"

काखेत.

मांजर.

मी काठीला धरून उभा राहिलो.

काखमांजरी. आपण सगळेच म्हणतो. काखेत जे साधं गळू होतं, घामाने, घर्षणाने, ते. चार-सहा दिवस ठणकतं, तोंड धरतं, फुटतं, संपतं. दाजींना शिवणकामाने मागेही झाली होती, ताईने गरम पोटीस बांधून शेकली होती, तेव्हा मीच बाजूला बसून म्याव म्याव करून चिडवलं होतं. तेव्हापासून घरात तिचं नावच मांजर पडलं होतं. आचारी ऐकतोय, जमादार ऐकतायत, म्हणून दाजींनी घरातला शब्द वापरला. फक्त मला कळेल म्हणून. आणि मी गाढव, खरं मांजर शोधत बसलो. सगळं बेट शोधायला लावलं.

आता कळलं. आणि कळल्याबरोबर ती पाल पुन्हा चुकचुकली.

कारण रोग झालेला माणूसही हेच म्हणणार ना? काखेत गाठ आली तर कोण म्हणेल मला रोग झालाय? सगळे म्हणणार, काखमांजरी आहे, साधी आहे, उद्या फुटेल. दाजी मला फसवत नसतीलही. ते स्वतःलाच फसवत असतील तर? काखमांजरी एवढे दिवस राहते का? की ती फुटून दुसरी उठली? की ही ती नाहीच?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुटकेची तपासणी होती. डॉक्टर कठड्याबाहेर उभे राहणार, सगळे पुन्हा चापट मारणार. दाजी टॉप् करणार. डॉक्टर वा म्हणणार. संध्याकाळी दाजी ताईच्या दारात.

मला माहीत पाहिजे, ती म्हणाली होती.

सकाळी सगळे रांगेत उभे राहिले. डॉक्टर आले, बोळा नाकाशी. जमादार त्यांच्या शेजारी. मी कठड्याच्या कोपऱ्यावर. एकेक जण मारत होता. फट्. फट्. आचाऱ्याने मारली आणि म्हणाला, "साहेब, सोडताय म्हणून जोरात मारतोय." फट्.

दाजी पुढे आले. उजवी, फट्. मग डावा हात वर केला. अर्धाच. उजव्या हाताचा तळवा हळूहळू वाटी व्हायला लागला. आमच्या घरातली वाटी. ताईने शिकवलेली.

मी काठी टाकली आणि कठड्यावर चढलो.

"ए! ए पैलवान!" जमादार ओरडले.

बाहेरचा कठडा, मधली जागा, आतला कठडा. आत उडी मारली. रांग फुटली, सगळे मागे सरकले, आचारी तर थेट बराकीत. दाजी जागेवरच राहिले. मी त्यांचा डावा हात धरून वर केला आणि सदऱ्याच्या गळ्यातून हात सरळ काखेत घातला.

ते किंचाळले. मीही.

गरम होतं. लिंबाएवढं. पण कातडी मऊ होती, ताणलेली, आणि टोकाला बोटाला लागलं, बारीक, टोकदार. तोंड धरलं होतं तिने. कपाळाला हात लावला, गार. घामाने ओलं, पण गार. मी दुसऱ्या काखेत घातला, जांघेत चाचपलं, सगळ्यांसमोर, लाज गुंडाळून. कुठे काही नाही.

"अरे सोड," दाजी म्हणाले. रडत होते. "सांगितलं होतं ना तुला. मांजर आहे म्हणून."

"कळलंच नाही हो मला."

"तुला? तूच नाव ठेवलंस तिचं!"

जमादार शिट्टी वाजवत होते, वाजवतच राहिले. डॉक्टरांनी त्यांना हाताने थांबवलं. कठड्याला टेकून शांतपणे विचारलं, "काय लागलं हाताला?"

"काखमांजरी, साहेब. तोंड धरलंय."

"ताप?"

"नाही."

"किती वेळा झाली यांना?"

"दुसऱ्यांदा. शिवणकामाने होते."

ते विचारात पडले. मला वाटलं आता म्हणतील, दोघांना खाली न्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही कळत नव्हतं. मग म्हणाले, "माणसांना मी खाली पाठवतो ते ताप बघून, गाठ बघून. तापाशिवाय गाठ मी खाली पाठवलेली नाही, पण तुम्ही लोक विचारत नाही, लपवता. आणि लपवलं की मला सगळंच रोग वाटायला लागतं." मग जमादारांकडे वळून, "मागच्या खोलीत दोघांना वेगळं ठेवा. जवसाची पोटीस आत पाठवा, गरम. फुटून पू गेला तर मांजरी. नाही गेला आणि ताप आला तर दोघं खाली. मुदत दोघांची आजपासून."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना कुणी हात लावला नाही. सोडा."

आचारी जाताना लांबूनच हात जोडून म्हणाला, "मी काही बोललो नाही हं कुणाला. माझं तोंड शिवलेलं आहे."

मागची खोली म्हणजे जुनं कोठार. एक खिडकी, दोन बाकं. मी पोटीस बांधायचो, दाजी दात खायचे. आम्ही फारसं बोललो नाही. ते माझ्यावर रागावलेले होते आणि मी त्यांच्यावर, आणि दोघांचंही बरोबर होतं. फक्त एकदा त्यांनी विचारलं, "तुला खरंच वाटलं मी रोग घेऊन तुझ्या बहिणीकडे जाईन?"

"तुम्हाला खात्री होती का, रोग नाही म्हणून?"

त्यांनी बाकावर कूस बदलली, उजवीकडे.

दुसऱ्या दुपारी फुटली. घाण वास, घाण फडकी, आणि दाजींच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की बाहेरच्या पहारेकऱ्याने दार वाजवून विचारलं, गेले का? फडकी तिथेच जाळली. डॉक्टरांनी खिडकीतून बघितलं, मान हलवली, निघून गेले. मुदत मात्र मुदत. ती काही फुटत नाही.

ताईला तिकडे मुलगी झाली. आम्ही दोघंही आत. शेजारणीने सगळं केलं. निरोप जमादारांनी कठड्यावरून ओरडून दिला, "पैलवान, मामा झालास!" आणि आम्ही दोघं त्या कोठारात एकमेकांकडे बघत बसलो. मिठी मारली असती, पण सवय लागली होती ना, हात आखडले.

आणि तिथून माझ्या मनात एक नवीनच सुरू झालं. मी त्या काखेत हात घातला होता. डॉक्टर मांजरी म्हणाले, फुटली, सगळं खरं. तरी रोज सकाळी उठलो की आधी स्वतःची काख चाचपायचो. काही नसायचं. मग वाटायचं, नीट चाचपलं का? मारून बघायची मात्र हिंमत झाली नाही.

ताई बाळंतपणानंतर जरा चालायला लागल्या लागल्या बाळाला घेऊन भेटायला आली. होडीतून उतरली, बाहेरच्या कठड्यापाशी आली. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, तोंड तिच्या छातीकडे. आम्हाला नुसतं टाळूवरचं काळं जावळ दिसत होतं.

"अगं दाखव तरी," दाजी कठड्यावरून वाकले.

"दाखवते. आधी तुम्ही दाखवा."

"काय?"

"दोघं हात वर करा. मारा."

"ताई, डॉक्टरांनी सांगितलंय ना..."

"डॉक्टरांना आवाजातला फरक कळत नाही," ताई म्हणाली. "मला कळतो. मारा. पोकळ हात नको."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मग हात वर केला. जखम अजून ओली होती. तळवा सपाट केला आणि डोळे मिटून मारली. फट्. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण उभे राहिले. उजवी. फट्. ताईने मान तिरकी करून ऐकलं, बाबा ऐकायचे तशी.

"आता तू."

मी उजवी मारली. फट्. डावा हात वर केला. आणि माझा तळवा आपोआप वाकायला लागला. मी मुद्दाम केलं नाही. बोटं आपली आपण आत यायला लागली, रोज सकाळची भीती होती ती. ताईने बघितलं. तिने बाळाला आणखी घट्ट धरलं आणि एक पाऊल मागे सरकली.

माझ्याच बहिणीने. माझ्यापासून.

मी हात खाली घेतला. बोटं उलगडली, एकेक, बाबांनी तिची उलगडली होती तशी. आणि सगळा जोर लावून मारली.

फट्.

बाळ दचकून रडायला लागलं. ताईने त्याला लगेच थोपटलं नाही. आधी तो आवाज हवेतून पूर्ण जाऊ दिला. मग "हं," म्हणाली, कठड्याजवळ आली, आणि दुपटं सोडून बाळाचं तोंड आमच्याकडे वळवलं.